भाकरीची अट

संत गाडगेबाबांच्या नावाने महाराष्ट्रात ओळखल्या जाणाऱ्या दशसूत्रीची सुरुवात भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी आणि उघड्याला वस्त्र यांपासून होते, आणि पुढे तिच्यात गरीब मुलांचे शिक्षण, बेघरांचा आसरा, रोग्यांचे औषधपाणी व बेकारांचा रोजगार ओळीने येतात. अर्थशास्त्रज्ञ ज्यांना मूलभूत गरजा म्हणतात, म्हणजे ज्यांच्यावाचून माणूस जगत नाही, किंवा जगला तरी ताठ मानेने उभा राहू शकत नाही, त्या गरजांची ही जवळजवळ पूर्ण यादी आहे. अमरावती जिल्ह्यातील अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावी १८७६ मध्ये परीट कुटुंबात जन्मलेल्या, शाळेचे तोंड न पाहिलेल्या डेबूजी झिंगराजी जाणोरकर, म्हणजेच गाडगेबाबा, यांच्या आयुष्यभराच्या कामातून ती आकाराला आली. भुकेला कोणत्या जातीचा, कोणत्या गावचा, कष्टाळू की आळशी, याची चौकशी या यादीत कुठेच नाही, ही तिच्यातील सर्वांत मोलाची गोष्ट होय.

प्रत्येक माणसाच्या जगण्याच्या गरजा समाजाने विनामूल्य भागवण्याची हमी द्यावी की नाही, हा प्रश्न आज रेशन दुकानाच्या रांगेपासून विधिमंडळापर्यंत सर्वत्र चर्चिला जातो, पण बहुधा तो 'फुकट' या एका शब्दापाशी येऊन अडतो, कारण मराठीत फुकटखाऊ ही शिवी आहे आणि कष्टाने जगणाऱ्या माणसाला ती झोंबते. वऱ्हाडात, म्हणजे अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशीम व यवतमाळ या पाच जिल्ह्यांच्या प्रदेशात, हा प्रश्न नवा नाही. दुष्काळी कामे, सदावर्ते, रोजगार हमी, रेशन आणि आता बँकेत जमा होणारी रोख रक्कम अशा निरनिराळ्या रूपांनी तो येथे सव्वाशे वर्षे विचारला जात आहे, आणि प्रत्येक वेळी अन्न द्यावे की नाही यापेक्षा ते कोणत्या अटीवर द्यावे याविषयीच अधिक वाद झाला आहे.

'वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड' ही म्हण ज्या काळ्या सुपीक जमिनीवरून पडली, त्याच जमिनीत येथील भुकेची मुळेही शोधावी लागतात. १८५३ मध्ये निजामाने हा प्रदेश इंग्रजांच्या कारभाराखाली दिला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे इंग्लंडच्या गिरण्यांना तेथील कापूस मिळेनासा झाला तेव्हा वऱ्हाडी कापसाला भाव आला, आणि १८७० मध्ये खामगावपर्यंत लोहमार्ग पोचल्यावर रुईच्या गाठी थेट मुंबई बंदराकडे जाऊ लागल्या. ज्वारीच्या जागी कापूस पेरला की हाती रोख पैसा येतो, पण पेव, म्हणजे जमिनीत खणलेले धान्याचे कोठार, हळूहळू रिकामे होत जाते. ज्याच्या पेवात वर्षाची ज्वारी आहे तो एक वाईट पावसाळा काढू शकतो. ज्याला कापूस विकून ज्वारी विकत घ्यायची आहे, त्याचा पाऊस हुकला की कापूसही बुडतो आणि नेमके त्याच वेळी धान्यही महागते. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत नेमके हेच झाले. डेबूजी तेव्हा मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे या मामांच्या गावी विशीतले शेतकरी होते, आणि सुपीक मुलखातही माणसे अन्नाअभावी कशी मोडतात हे त्या पिढीने डोळ्यांनी पाहिले.

त्या काळी सरकारजवळ भुकेवरचे उत्तर म्हणून दुष्काळ संहिता होती. १८८० च्या दुष्काळ आयोगाच्या शिफारशींतून तयार झालेल्या या नियमावलीचा गाभा श्रमाची कसोटी हा होता: जो धडधाकट माणूस ठरावीक मापाची खडी फोडील किंवा माती उपसेल, त्यालाच जेमतेम जगण्यापुरती मजुरी मिळावी, म्हणजे खरोखर गरज नसलेला माणूस आपोआपच तेथे येणार नाही, असा तिचा हिशेब होता. जे काम करूच शकत नाहीत, म्हणजे वृद्ध, अपंग, लहान मुले, त्यांच्यासाठी विनाश्रम मदतीची तरतूद होती, पण तीही याद्या आणि तपासण्यांच्या चाळणीतून गेल्यावर मिळत असे. या व्यवस्थेने काही जीव वाचवले हे नाकारता येत नाही. तरी कित्येक दिवस पोटात अन्न नसलेल्या माणसाकडून आधी खडी फोडून घ्यायची आणि मग त्याला भाकर द्यायची, या क्रमात मूळची चूक आहे, कारण अंगात बळ आणणारी वस्तू बळ दाखवल्यावरच मिळेल असे तो क्रम सांगतो.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी घर सोडल्यानंतर गाडगेबाबांनी जो क्रम घालून दिला तो याच्या उलट होता, आणि वरवर पाहता तो परस्परविरोधी वाटतो. स्वतःच्या बाबतीत त्यांचा नियम कडक होता: गावात शिरले की खराटा हाती घ्यायचा, रस्ते व गटारे झाडून काढायची, आणि त्यानंतरच कोणी दिलेली भाकर गाडग्याच्या खापरात घेऊन खायची. श्रमावाचून खाणे त्यांनी स्वतःला माफ केले नाही. परंतु पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक येथे त्यांनी उभारलेल्या धर्मशाळांत आणि त्यांच्या सदावर्तांत, म्हणजे येईल त्याला नित्य अन्न देणाऱ्या ठिकाणी, येणाऱ्याच्या हाती आधी खराटा दिला गेला नाही. श्रमाची अट त्यांनी आपल्यावर घातली, भुकेल्यावर घातली नाही. बेकाराला रोजगार हे त्यांच्या सूत्रांतील एक सूत्र असले तरी ते अन्नाचे सूत्र मिळवण्याची पायरी नाही. दोन्ही स्वतंत्रपणे देणे लागतात. आजच्या चर्चेत 'आधी काम, मग भाकर' म्हणणारे आणि 'काम असो नसो, भाकर द्या' म्हणणारे असे जे दोन पक्ष पडतात, त्यांतील पेच सोडवण्यासाठी या भेदाइतकी उपयुक्त दृष्टी क्वचितच सापडेल.

अर्थात, जुन्या दानधर्माकडे केवळ कौतुकाने पाहणे योग्य होणार नाही. सदावर्ताची परंपरा गाडगेबाबांपूर्वीची आहे, आणि त्या परंपरेत पंगत कोणाची, पाणवठा कोणाचा, धर्मशाळेच्या ओसरीवर पथारी कोणी टाकायची, हे जातीने ठरत असे. पंढरपुरात दलित वारकऱ्यांसाठी गाडगेबाबांना चोखामेळ्याच्या नावाने वेगळी धर्मशाळा बांधावी लागली आणि ती पुढे त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली, यावरूनच जातीच्या या अटीची घट्ट पकड लक्षात येते. अमरावतीत १९२० च्या दशकात डॉ. पंजाबराव देशमुखांनी सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी श्रद्धानंद छात्रालय सुरू केले, त्यामागेही हाच अनुभव होता की शिक्षण मोफत असले तरी शिकणाऱ्या मुलाला दोन वेळचे जेवण आणि झोपायला छप्पर कोणी देत नसेल तर खेड्यातला मुलगा शहरातल्या शाळेपर्यंत पोचतच नाही. दान देणाऱ्याच्या मनावर चालते. हक्क घेणाऱ्याच्या गरजेवर चालतो, आणि म्हणून हमी या शब्दाचा खरा अर्थ दानाहून वेगळा आहे: हमी म्हणजे न मिळाल्यास जाब विचारता येईल असे देणे.

पंजाबराव ज्या संविधान सभेचे सदस्य होते, तिने अन्न, काम आणि निवारा या गोष्टींना मूलभूत हक्कांत जागा दिली नाही. काम, शिक्षण व हलाखीच्या काळातील सार्वजनिक साहाय्य यांविषयीचा अनुच्छेद ४१ आणि पोषणमान उंचावण्याविषयीचा अनुच्छेद ४७ हे मार्गदर्शक तत्त्वांत आले, म्हणजे राज्यकारभाराने ते पाळावेत अशी अपेक्षा असली तरी त्यांच्या आधारे न्यायालयातून अंमलबजावणी करून घेता येत नाही. ही दरी न्यायालयांनी पुढे जगण्याच्या हक्काच्या, म्हणजे अनुच्छेद २१ च्या, अर्थविस्ताराने थोडी भरून काढली. मुंबईच्या पदपथावरील रहिवाशांच्या ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कात अंतर्भूत असल्याचे मान्य केले, पण त्याच निकालाने झोपड्या हटवण्यास मात्र मनाई केली नाही; तत्त्व आणि छप्पर यांच्यातले अंतर किती असू शकते याचे हे उदाहरण आहे.

हमीचे पहिले मोठे विधिवत रूप महाराष्ट्रातच घडले. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात प्रयोग झाला, १९७२ च्या दुष्काळात तो राज्यभर पसरला, आणि १९७७ च्या कायद्याने, जो २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला, ग्रामीण भागातील अकुशल काम मागणाऱ्या प्रौढ माणसाला काम देणे हे सरकारचे बंधन ठरले. खडी तीच, फावडे तेच, पण संबंध बदलला: दुष्काळ संहितेत सरकार कसोटी घेत होते, रोजगार हमीत मजूर मागणी करीत होता. खर्चासाठी शहरांतील पगारदार व व्यावसायिक यांच्यावर व्यवसाय कर बसवला गेला आणि तितकीच भर राज्याने घालावी असे ठरले. शहरातल्या पगारातून खेड्यातली चूल पेटती ठेवण्याची ही व्यवस्था राज्यातील सर्व पक्षांनी एकमताने स्वीकारली होती, हे आज विसरले जाते. २००५ च्या राष्ट्रीय कायद्याने हीच कल्पना वर्षाला १०० दिवसांच्या मर्यादेत देशभर नेली आणि पंधरा दिवसांत काम न मिळाल्यास बेकारी भत्ता देण्याचे बंधन घातले. तरीही रोजगार हमी ही काम करू शकणाऱ्यांची हमी आहे. बाळंतीण, अंथरुणाला खिळलेला म्हातारा, कुष्ठरोगामुळे बोटे झडलेला माणूस यांना ती काही देत नाही; त्यांतील कुष्ठरोग्यांसाठी डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी अमरावतीत तपोवन उभारले ते या हमीच्या कितीतरी आधीच.

अन्नाची हमी त्यानंतर आली. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेने २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, तेव्हा सरकारी गोदामे धान्याने भरलेली होती आणि अनेक राज्यांत उपासमार चालू होती. २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशाने न्यायालयाने रेशन, अंगणवाडी, शालेय आहार या योजनांना हक्काचे स्वरूप दिले, आणि २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने ग्रामीण लोकसंख्येच्या ७५ टक्क्यांपर्यंत व शहरी लोकसंख्येच्या ५० टक्क्यांपर्यंत लोकांना माणशी दरमहा ५ किलो धान्य, तर अंत्योदय कुटुंबाला एकूण ३५ किलो धान्य देण्याचे ठरवले. तेव्हा गहू २ रुपये व तांदूळ ३ रुपये किलो होता. जानेवारी २०२३ पासून हे धान्य पूर्णपणे विनामूल्य आहे. म्हणजे देशाच्या निम्म्याहून अधिक लोकांसाठी 'फुकट द्यावे का' हा प्रश्न निदान धान्यापुरता निकाली निघालेला आहे, आणि उरलेला प्रश्न यादीच्या रेषेचा आहे. महाराष्ट्रात ही रेषा ग्रामीण कुटुंबासाठी वर्षाला ४४,००० रुपये उत्पन्नावर आखली गेली. पाच माणसांच्या घरात हा हिशेब माणशी दिवसाला २४ रुपयांच्या आसपास येतो. त्याहून चार रुपये अधिक मिळवणारे घर कायद्याच्या दृष्टीने भुकेबाहेर गेले.

या रेषेबाहेर पडलेल्यांचाच एक प्रयोग वऱ्हाडात झाला आहे, आणि अन्न द्यावे की पैसा द्यावा या जगभर चाललेल्या वादाचे तो अगदी जवळचे उदाहरण आहे. अमरावती विभागाचे पाच जिल्हे, मराठवाड्याचे आठ आणि वर्धा अशा चौदा शेतकरी-आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत केशरी शिधापत्रिका असलेल्या, अन्न सुरक्षेच्या यादीत न बसणाऱ्या शेतकऱ्यांना राज्य सरकार २०१५ पासून माणशी ५ किलो धान्य स्वस्त दराने देत होते. २०२२ मध्ये या योजनेसाठी केंद्राकडून मिळणारा धान्यपुरवठा बंद झाला, आणि २०२३ पासून धान्याऐवजी माणशी दरमहा १५० रुपये बँक खात्यात जमा करण्याचे ठरले. पुढे २०२४ मध्ये ही रक्कम १७० रुपये झाली. रोख रकमेची बाजू घेणारे म्हणतात की पैसा हाती आल्याने ज्याला ज्वारी हवी तो ज्वारी घेईल, ज्याला तूरडाळ हवी तो डाळ घेईल, आणि दुकानदाराच्या मापातली मारही टळेल. हे म्हणणे खोटे नाही. पण १७० रुपये भागिले ५ किलो म्हणजे किलोला ३४ रुपये. बाजारात धान्य याहून महाग झाले की ५ किलोंची हमी आपोआप चार किलोंची होते, आणि त्यासाठी कोणालाही कायदा बदलावा लागत नाही. धान्याचे माप वजनात ठरलेले असते, ते महागाईने आटत नाही. रोख रकमेचे माप महागाईच्या हाती असते. शिवाय ही योजना शेतकऱ्यांची असल्याने ज्याच्या नावावर सातबारा नाही असा केशरी कार्डवाला शेतमजूर तिच्यातही नव्हता, आणि कापसाच्या हंगामातही रोजावरच जगणाऱ्या याच माणसाला वाईट वर्षाचा पहिला तडाखा बसतो.

विनामूल्य अन्न मिळाले की माणसे आळशी होतील, हा आक्षेप सर्वांत जुना आहे. महिन्याला ५ किलो म्हणजे दिवसाला सुमारे १६७ ग्रॅम, साधारण दोन भाकरींचे पीठ. तेल, डाळ, मीठ, जळण, कपडा, दवाखाना, मुलांच्या वह्या हे सगळे त्या दोन भाकरींच्या पलीकडे उरते, आणि एवढ्यावर काम सोडून बसेल असा मजूर वऱ्हाडात शोधून सापडणार नाही. जेथे याहून पुढे जाऊन विनाअट रोख रक्कम, म्हणजे सर्वांना दिल्यास ज्याला सार्वत्रिक मूलभूत उत्पन्न म्हणतात ते, देऊन पाहिले गेले, तेथेही ही भीती खरी ठरलेली नाही. शेजारच्या मध्य प्रदेशात 'सेवा' या महिला संघटनेने युनिसेफच्या साहाय्याने २०११-१२ च्या सुमारास काही खेड्यांत प्रौढांना दरमहा २०० रुपये, नंतर ३०० रुपये, विनाअट दिले, तेव्हा लोकांनी काम सोडले नाही, उलट खाण्यावर, शाळेवर व शेळ्या-कोंबड्यांवर खर्च वाढवला. फिनलंडमध्ये २०१७-१८ या दोन वर्षांत २,००० बेरोजगारांना दरमहा ५६० युरो दिले गेले, त्यातही काम करण्याचे प्रमाण घटले नाही आणि मनावरचा ताण कमी झाला. हे प्रयोग मर्यादित होते आणि त्यांवरून सगळे सिद्ध होत नाही, पण आळसाची भीती पुराव्यावर नव्हे तर गरिबाविषयीच्या अविश्वासावर उभी आहे, एवढे त्यांवरून निश्चित म्हणता येते.

या साऱ्या हिशेबाची खरी परीक्षा अमरावती जिल्ह्यातील डोंगराळ, आदिवासी मेळघाटात होते. धारणी आणि चिखलदरा या तालुक्यांतील कोरकू वस्त्यांमधील बालमृत्यू १९९३ मध्ये राज्यासमोर ठळकपणे आले, उच्च न्यायालयात याचिका झाल्या, नवसंजीवन योजना आली, २०१५ नंतर आदिवासी भागातील गरोदर व स्तनदा मातांना एक वेळचा चौरस आहार देणारी डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना आली, आणि तरीही पावसाळा आला की कुपोषणाची चिंता पुन्हा सुरू होते. कारण मेळघाटातले मूल केवळ धान्य नसल्यामुळे दगावत नाही. लहान वयात लग्न झालेली, रक्त कमी असलेली आई, जन्मतः कमी वजन, दिवाळीनंतर कामासाठी बाहेर पडणारे आणि महिनोन्महिने अंगणवाडीच्या यादीबाहेर राहणारे कुटुंब, पुराने तुटणारा रस्ता, दवाखान्याआधी भुमकाकडे, म्हणजे गावच्या पारंपरिक वैदूकडे, जाण्याची रीत, आणि डॉक्टर गाठेपर्यंत हाताबाहेर गेलेला न्यूमोनिया किंवा अतिसार अशी ती साखळी आहे. तिच्यातील एक कडी विनामूल्य करून भागत नाही. बैरागडला राहून रुग्णसेवा करणारे डॉ. रवींद्र व डॉ. स्मिता कोल्हे यांच्या कामाकडे पाहिले तर जाणवते की येथे मुख्य उणीव पैशाची नसून जवळ असण्याची आहे. जेथे बाजारच पोचलेला नाही, तेथे खात्यात जमा झालेली रक्कम औषध होऊ शकत नाही, आणि म्हणून अशा भागात हमी रोख रकमेची न देता वस्तूची व सेवेची, म्हणजे शिजलेल्या जेवणाची, परिचारिकेची, बारमाही रस्त्याची दिली पाहिजे.

पाण्याच्या बाबतीत हाच विचार सपाट मैदानातही लागू पडतो. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतून जाणारा खारपाणपट्टा आहे. दर्यापूर, अकोट, बाळापूर, शेगाव या परिसरातील शेकडो गावांत विहीर खणली तरी खारट पाणी लागते, आणि ते वर्षानुवर्षे पिणाऱ्या गावांत मूत्रपिंडाच्या आजारांची भीती कायम असते. येथे पाणी विकत घेऊ शकणारे घर शुद्ध पाण्याचा कॅन घेते आणि न घेऊ शकणारे घर खारे पाणी पिते, म्हणजे तहानेचे दोन वर्ग पडतात. वान धरणावरून अकोला जिल्ह्यात आखलेल्या ८४ खेडी योजनेसारख्या नळयोजनांचे मोल या संदर्भात कळते. निसर्गाने ज्या माणसाच्या जमिनीखाली खारे पाणी ठेवले त्याने त्याची किंमत भरावी, असे कोणतेही न्यायशास्त्र सांगू शकत नाही, आणि तीच गोष्ट कोरडवाहू शेतीत जन्मलेल्या मुलाच्या भुकेलाही लागू पडते.

खर्चाचा प्रश्न खरा आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. विनामूल्य म्हणजे मूल्य नसलेले नव्हे. धान्याचे मूल्य करदाता देतो, धरणाचे मूल्य बुडालेले गाव देते, अन्नछत्राचे मूल्य देणगीदार व राबणारे सेवेकरी देतात. हा भार उचलायचा की नाही यावर समाजाने उघड चर्चा करावी, पण ती करताना दुसऱ्या बाजूचा जमाखर्चही मांडावा: आईच्या रक्तक्षयामुळे अशक्त जन्मलेल्या मुलाची गेलेली शाळा, कर्जासाठी विकलेली बैलजोडी, मजुरी बुडवून दवाखान्यात काढलेले दिवस. हा खर्च आजही होतच असतो, फक्त तो ज्याला झेपत नाही त्याच्या माथी पडतो.

गाडगेबाबांनी आयुष्याच्या उत्तरार्धात आपल्या धर्मशाळा आणि वसतिगृहे स्वतःच्या नावावर किंवा वारसांकडे न ठेवता संस्थांच्या स्वाधीन केली, कारण एका माणसाच्या दयेवर चालणारे सदावर्त त्या माणसाबरोबर संपते. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे येताना वलगावजवळ पेढी नदीकाठी त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या मालकीचे म्हणावे असे खापर, खराटा आणि अंगावरच्या चिंध्या एवढेच होते. त्यांच्या सूत्रांपैकी अन्नाचे सूत्र कायद्याच्या कागदावर आले आहे, पाण्याचे अर्धे आले आहे, निवाऱ्याचे आणि औषधाचे अजून योजनांच्या मुदतींवर व लाभार्थ्यांच्या याद्यांवर अवलंबून आहे. आणि ज्या मजुराच्या बोटांचे ठसे कष्टाने झिजले आहेत, त्याला रेशन दुकानातल्या यंत्रावर अंगठा उमटेपर्यंत आजही थांबावे लागते.